खालची ओळ

३ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय बयो,

तुझा चित्रपट आला. आला तो महोत्सवाच्या समितीकडे. पण परभाषेतला चित्रपट आला की पडद्यावर अनुवादाच्या खालच्या ओळी लिहायला तो फिरून माझ्याच टेबलावर येतो. बंदराच्या कचेरीत आयुष्यभर त्या भाषेत पत्रव्यवहार केला. आपले पत्र पोचले, माल भिजला, कळावे. त्या विद्येचा म्हातारपणी असा उपयोग होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सोबत तू समितीला पाठवलेला मजकूरही डॉक्टरीणबाईंनी मला वाचून दाखवला. दातांच्या दवाखान्यातल्या त्या आता आमच्या अध्यक्ष आहेत. "प्रेक्षकांनी माझ्या चित्रपटाच्या वेळी ओळी मोठ्याने वाचू नयेत. तसेच अनुवादकाने ओळी वृत्तात लिहू नयेत, असे त्यांस कळवावे." अनुवादकास कळलं. अनुवादक बरा आहे, गुडघा तेवढा सोडून.

तू इथून गेल्यावर किनाऱ्यावरचा हा महोत्सव सुरू झाला, त्यामुळे आमच्या वाचनाबद्दल तू ऐकूनच असशील. पहिल्या वर्षी बेकरीवाल्याच्या आईचा चष्मा घरी राहिला. तो तिच्या कानाशी लागून ओळी वाचू लागला. शेजारचे म्हणाले, जरा मोठ्याने वाच की, आम्हांलाही अक्षरं लागत नाहीत. आमचा पडदा जुन्या शिडाच्या कापडाचा. वारा आला की सगळ्या पात्रांची पोटं फुगतात आणि अक्षरं त्या पोटांवरून घसरतात. म्हणून एकाचे चार झाले, चारांचा सगळा किनारा झाला. आता परदेशी नायक ओठ हलवतो आणि त्याच्या वतीने अख्खी वाडी एका सुरात बोलते.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा डोळे मिटले. मला चौथीचा वर्ग दिसला. उघडी खिडकी, खिडकीत समुद्र, आणि आम्ही सगळी पोरं डुलत डुलत कविता म्हणतोय. शेवटच्या बाकावरचे एक शब्द मागे असायचे, त्यामुळे प्रत्येक ओळीला आपोआप एक शेपूट फुटायची. मास्तर त्या शेपटीला लाट म्हणायचे. तेव्हापासून खालच्या ओळी लिहिताना माझी बोटं मात्रा मोजतात, त्याला मी काय करू? मागच्या वर्षीच्या चित्रपटातला पाकीटमार मी भुजंगप्रयात वृत्तात बोलायला लावला. लोक अजून भाजीच्या रांगेत त्याची वाक्यं म्हणतात. डॉक्टरीणबाई तेवढ्या वैतागल्या. "काका, तो माणूस फक्त 'नाही' म्हणतो. तुम्ही चार ओळी लिहिल्यात."

"त्याच्या तोंडावर चार ओळी होत्या," मी म्हटलं.

असो. तुला आमंत्रण गेलं आहे आणि त्यावर तू "बघते" असं कळवलं आहेस. तुझं "बघते" मी तुझ्या लहानपणापासून पुष्कळ बघितलं आहे. तरी विचारतो. येशील का?

पत्र मी कागदावरच लिहितो. तुझी बाकमैत्रीण, म्हणजे कोपऱ्यावरची पार्लरवाली, फोटो काढून तुला धाडते. अर्थात ती वाचतेच. म्हणून इथे नमूद करून ठेवतो की ती केस उत्तम कापते.

ओहोटीची वेळ आहे, पाणी पार लांब गेलंय.

तुझे,
बाबा


८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बयो,

चित्रपट बघितला. पुन्हा बघितला. मग शेवटच्या दाराचा प्रसंग यंत्र थांबवत थांबवत बघितला.

तुझ्या चित्रपटात कुणी फारसं बोलत नाही, हे मला आवडलं. बाईला फोन येतो, ती पिशवी भरते, आणि मग नुसता प्रवास. गाडीची काच, काचेवर तिच्या श्वासाचं धुकं, त्या धुक्यात बोटाने काढलेली आणि लगेच पुसलेली एक रेघ. एका स्टेशनवर ती पाणी प्यायला उतरते आणि गाडी सुटेल या भीतीने न पिताच परत चढते. मला वाटतं, मी आयुष्यात वाचलेल्या पुष्कळ कवितांमध्ये या न प्यायलेल्या पाण्याएवढं काही नव्हतं. शेवटी ती चौथा मजला चढते, दार उघडंच असतं, पलंगावर आई असते. आई डोळे उघडून एक वाक्य म्हणते. मग पडदा पांढरा.

तुझ्या चित्रपटातली मुलगी वेळेवर पोचते.

इथे मी यंत्र थांबवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तू पोचलीस तेव्हा घरात शेजारी होते, दाराबाहेर चपलांचा ढीग होता, आई नव्हती. तू राहिलीस, सगळं आवरलंस, तिची कपाटं लावून दिलीस आणि गेलीस. त्यानंतर तुझे फोन माझ्या गोळ्यांपुरते उरले. पुढे गोळ्यासुद्धा मेसेजवर आल्या. "घेतल्या का?" "घेतल्या." मी काही तक्रार करत नाही. कचेरीतली सवय, काय पोचलं आणि काय नाही याची नोंद घेतो इतकंच.

तर ते वाक्य. त्या भाषेत ते सोपं आहे. तू आलीस. झालं. पण आपल्या भाषेत कुणी आपल्याच मुलीला दारात बघून "तू आलीस" असं म्हणतं का? बातम्या सांगितल्यासारखं वाटतं. "आलीस" म्हणावं, तर त्यात पूर्णविराम आहे की प्रश्न, हे आवाजावर; आणि आवाज तर परका. "आलीस होय" म्हटलं की टोमणा झाला. "आलीस ना" म्हटलं तर आईलाच खात्री नाही.

काल समितीत हाच विषय निघाला. समिती अजून आपल्या शाळेतच भरते, चौथीच्या वर्गात. मोठी माणसं छोट्या बाकांत गुडघे पोटाशी घेऊन बसतात, त्यामुळे भांडणं फार लांबत नाहीत.

"'आलीस एकदाची', असं लिहा," वायरमन म्हणाला. पडदा आणि दिवे त्याच्याकडे असतात. "माझी आई तसंच म्हणते."

"तुझी आई तू कोपऱ्यावरून दूध घेऊन आलास तरी तसंच म्हणते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बेकरीवाला म्हणाला, "'आलीस, बरं झालं बाई.' यात कसा गोडवा आहे."

"गोडवा तुझ्या पावात ठेव. ती बाई मरायला टेकलीय."

"मरताना माणसं कडू बोलतात असं कुठे आहे?"

"कविराजांना विचारा," वायरमन म्हणाला. "ते आठ ओळींत बसवतील. ती मरायची थांबेल, लोकांचं वाचून होईपर्यंत."

सगळे हसले. मीही हसलो. तुझी बाकमैत्रीण तेवढी हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिने तिच्या पर्समधला कंगवा काढून पुन्हा आत ठेवला.

मला अजून ओळ सापडलेली नाही. तुझ्या मनात काय आहे ते सांगितलंस तर काम सोपं होईल. आणि तू येशील का, हेही अजून मोघमच आहे.

तुझे,
बाबा

(खाली माझ्या अक्षरात: बये, काका गुडघ्याचं सांगतात त्याहून जास्त दुखतंय, जिना बसून उतरतात. दुसरं, ती ओळ समितीत बसून सापडायची नाही. काकांना विचार, काकू शेवटी काय म्हणाल्या होत्या. मी सांगणार नाही, ते माझं नाही. — तुझी बाकमैत्रीण)


१२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय बयो,

तुझा मेसेज आला. "काय म्हणाली होती आई?" गोळ्यांव्यतिरिक्तचा प्रश्न किती दिवसांनी आला. मी तो वाचला, फोन उलटा ठेवला, भांडी घासली, घासलेली भांडी परत घासली.

आज समुद्र अगदी शांत आहे. त्याला दुधाची साय यावी तसा. मास्तर म्हणायचे, कविता पाठ करायची तर अशा पाण्याकडे बघत करावी, शब्द हलत नाहीत. मी त्यांच्याकडे तक्रार केली होती की मला पाठ होतं पण अर्थ लागत नाही. ते म्हणाले, "आधी तोंडात राहू दे. अर्थ येईल चालत." मला वाटतं मी काही गोष्टी तशाच तोंडात ठेवल्या.

बरं. सांगतो.

तू पोचायच्या आदल्या संध्याकाळी आईला पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवलं होतं. सकाळपासून तिने डोळे उघडले नव्हते. तुझी बाकमैत्रीण दर आठवड्याला तिचे केस धुवायला यायची, तशी त्याही दिवशी आली. पार्लर बंद करून किनाऱ्यावरून जवळच्या वाटेने आली. तुम्ही दोघी लहानपणापासून जिना सारखाच चढता, दोन पायऱ्या सोडून, धप धप. शाळेतून आलात की आम्हांला कळायचं नाही, आपली कुठली आणि शेजारची कुठली.

तोच धप धप आवाज झाला. ती दारात उभी राहिली, हातात चपला. आईने डोळे उघडले आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "आलीस? आधी पाय धुऊन घे. घरभर वाळू करशील."

रोजच्या आवाजात. आजारपणाआधीच्या.

ती दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं तिने. मी मान हलवली की नाही, आठवत नाही. जन्मभर आईला काकू म्हणणारी पोर, "हो आई" म्हणाली. मोरीत गेली, नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. एवढी वाळू कुणाच्याच पायांना नसते. ती बाहेर आली तोवर आईचा डोळा लागला होता. ती झोप पुढे उतरली नाही.

एवढंच आहे. तुझं नाव घेतलं नाही, निरोप ठेवला नाही. तिच्या हिशेबी तू आली होतीस, आणि आल्या आल्या बोलणी खाल्ली होतीस.

तुला हे का नाही सांगितलं म्हणशील. तू विचारलं नाहीस, आणि न विचारलेल्या प्रश्नाला हात वर करणारा मुलगा मी वर्गातही नव्हतो. पण खरं म्हणजे मला उमजत नव्हतं. बंदरावर कधीकधी असा माल यायचा: पत्ता एकाचा, उतरला भलत्याच धक्क्यावर. ज्याने उतरवून घेतला त्याने जपून ठेवलेला. अशा वेळी काय करायचं, याचा नियम आम्हांला कधी सापडला नाही. हे वाक्य तुझं म्हणावं, तर ते तिने झेललं. तुला सांगितलं तर तुला वाटेल, माझ्या जागी दुसरी होती. नाही सांगितलं तर तुला वाटत राहील, जागा रिकामी होती. यातलं कुठलं बरं ते तू ठरव. मी इतके दिवस ठरवू शकलो नाही.

तर आता माझ्यापुढे दोन ओळी आहेत. एक तुझ्या चित्रपटातली: आलीस. दुसरी आईची. तुझ्या चित्रपटातलं घर चौथ्या मजल्यावरचं, शहर कोरडं, समुद्राचा मागमूस नाही, तिथे वाळू कुठून येणार हे मलाही दिसतं. कुठलाही जाणता माणूस या ओळीला चूकच म्हणेल. तू सांगशील ती ठेवतो.

आज फोटो काढताना तुझी बाकमैत्रीण हे वाचणार. तिला मी आधीच सांगितलं. ती म्हणाली, "वाचत नाही, नुसता फोटो काढते." आणि चष्मा काढून ठेवला.

तुझे,
बाबा


१६ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बयो,

आज संध्याकाळी तुझा चित्रपट. तुझं उत्तर मला आलं नाही, समितीला आलं. "अनुवादकास योग्य वाटेल ती ओळ ठेवावी. मोठ्याने वाचण्याबाबतची अट कायम." डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "घरातलं काही आहे का, काका?" मी म्हटलं, "हो, घरातलंच आहे."

येण्याबद्दल त्यात अक्षर नाही.

मी आईची ओळ ठेवली आहे. वृत्तात बसवलेली नाही. बोटं शिवशिवली, पण "घरभर वाळू करशील" ही ओळ मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. ती कशात बसायची नव्हती.

पुढच्या रांगेत माझ्या शेजारच्या जागेवर छत्री ठेवणार आहे. वायरमन नक्की विचारेल, कविराज, आभाळ निरभ्र असताना छत्री कशाला. त्याला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुझे,
बाबा


२१ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय बयो,

मला पुढून काय दिसलं ते सगळं लिहून धाडायचा तुझा हुकूम आहे. तर घे.

सूर्य बुडाला तेव्हा लोक शाळेतले बाक घेऊन आले. आमच्याकडे ज्याने बाक आणला त्याने तो परत नेऊन ठेवायचा, असा शिरस्ता आहे. शिड ताणलं. डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज वाचायचं नाही. मनात वाचायचं. ओठ हलले तर चालतील."

"आणि खोकला आला तर?" वायरमन.

"तर समुद्राकडे तोंड करून."

मग चित्रपट सुरू झाला. बयो, इतक्या वर्षांत महोत्सवाच्या वेळी मला समुद्र ऐकूच आला नव्हता. आमचंच वाचन मोठं असायचं. त्या दिवशी तुझी गाडी लाटांच्या आवाजात धावली. मी मान वळवून बघितलं तर सगळा किनारा ओठ हलवत होता. पडद्याच्या उजेडात नुसते ओठ. मला क्षणभर वाटलं, मी स्वप्नातल्या वर्गात बसलोय, जिथे कविता चालू आहे पण आवाज अजून पोचायचा आहे.

न प्यायलेल्या पाण्यापाशी बेकरीवाल्याने स्वतःची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

मग जिना. मग दार. तुझ्या पात्राने डोळे उघडले आणि खाली ओळ आली. आलीस? आधी पाय धुऊन घे. घरभर वाळू करशील.

कुणीतरी हसलं.

बेकरीवाल्याची आई होती ती. तिने ओळ वाचली आणि आपल्या पायांकडे बघितलं. अनवाणी, घोट्यापर्यंत वाळूत रुतलेले. मग तिच्या शेजारच्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. हसू रांगेरांगेतून मागे पसरत गेलं. तिथे एक माणूस असा नव्हता ज्याने हे वाक्य लहानपणी दारात ऐकलेलं नाही. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा डोळ्यांपुढे एवढंच: तुझी कोरडी पायरी, तुझा चौथा मजला, तुझी मरणारी आई, आणि माझ्या ओळीमुळे सगळा किनारा हसतोय. मी पार वाटोळं केलं असं वाटलं. छत्रीपलीकडे तुझी बाकमैत्रीण बसली होती. तिने ओढणीत तोंड खुपसलं होतं आणि ती हसते की रडते ते कळत नव्हतं.

आणि मागून, चपलांच्या ढिगापाशी, कुणीतरी शिंक अडकावी तसं हसलं.

तसं हसणारं माणूस जगात एकच आहे. मी मागे वळलो नाही. का, ते तू विचारलंस आणि मी उडवून लावलं. तुला आठवणार नाही, लहानपणी लपलेली असताना कुणी तुझ्याकडे बघितलं की तू जागा बदलायचीस. दुर्लक्ष केलं की आपण होऊन बाहेर यायचीस. मी तेच केलं. मी पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलो. वायरमन म्हणाला, "कविराज, मागे कोण आलंय बघा." मी म्हटलं, "गप रे. पडदा बघ."

"पडदा संपला. दिवे लावू?"

"जरा थांब."

लोक उठले, बाक उचलू लागले. माझा बाक मी एकटा उचलणार नव्हतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी हात लावायला आलं नाही. बाकमैत्रीण छत्री घेऊन चालू पडली. आणि मग तू म्हणालीस, "बाबा, ती बाजू धरा."

मी पुढची बाजू धरली, तू मागची. बाक नेताना पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही, वजन तेवढं कळतं. वाळू संपून गल्ली लागली. मग म्हणालीस, "ओळ लांब झाली. वाचून होईपर्यंत तिचे डोळे मिटले."

"हो," मी म्हटलं. "तेव्हाही तसंच झालं होतं."

पुन्हा काही पावलं गेली. "मी लगेच निघणार होते. न भेटताच. गाडी बघून ठेवली होती."

"मग?"

"मग लोक हसले."

शिंप्याच्या दुकानापाशी तू विचारलंस, "खरंच एवढंच म्हणाली?"

"एवढंच."

"रागावली होती?"

"हो," मी म्हटलं. "वाळूवर."

तुझ्या बाजूचं वजन हललं. मी थांबलो. मागे बघितलं नाही, बाक सावकाश खाली टेकवला. तूही टेकवलास. शाळा समोरच दिसत होती. आपण दोघं गल्लीच्या मधोमध त्या बाकावर बसलो. मागून बाक घेऊन येणारे लोक आपल्याला वळसा घालून जात राहिले, आणि कुणीही, अगदी वायरमनसुद्धा, उठा म्हणालं नाही.

तुझे,
बाबा